लहान लिनक्स संगणकासाठी प्रिंटर : निवड व वीजपुरवठा

१. प्रयोजन

प्राथमिक शाळेत छापील कागदाची गरज किती असते, हे शिक्षकांस सांगावयास नको. पाठ्यपुस्तक सर्वांस सारखेच मिळते. परंतु मागे पडलेल्या मुलासाठी अधिक सोपी उदाहरणे, पुढे गेलेल्या मुलासाठी अधिक कठीण उदाहरणे, वाचनाचे लहान तक्ते, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका हे साहित्य शिक्षकासच तयार करावे लागते. एके काळी त्यासाठी चक्रमुद्रण यंत्र असे. स्टेन्सिल कापावी, शाईचा रूळ फिरवावा आणि एकेक प्रत काढावी, असा तो उद्योग होता. पुढे झेरॉक्सची दुकाने आली आणि तो मागे पडला.

मात्र ही दुकाने पेण, रोहा, नागोठणे, कोलाड अशा बाजाराच्या ठिकाणी आहेत. शाळा आहेत खारेपाटातील गावांत आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रती काढण्यासाठी बाजारी गेला, तर शाळेचे निम्मे अध्यापन त्या दिवशी थांबते. झेरॉक्सचे पान स्वस्त पडते. त्यापायी गेलेला अर्धा दिवस महाग पडतो. इ. स. २०२० मध्ये ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. त्याच वर्षी साथीमुळे शाळाही बंद होत्या. ज्या घरी मोबाइल नव्हता, तेथील मुलापर्यंत पोहोचण्याचे एक खात्रीचे साधन म्हणजे हाती दिलेला स्वाध्यायाचा कागद, याचा अनुभव त्या वर्षी आला.

तेव्हा शाळेतच प्रती काढता आल्या तर उत्तम. त्यासाठी आज रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक उपलब्ध आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मुलांच्या संगणकशिक्षणाच्या हेतूने तो तयार झाला आणि २०१२ साली विक्रीस आला. तो लिनक्सवर चालतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली परवान्याचे मूल्य न देता वापरता येते. आपल्या जिल्ह्यासही ती नवी नाही. रायगडमधील खैराट येथील लहानशा शाळेत २००७ साली मुलांना जे लहान संगणक देण्यात आले, तेही लिनक्सवरच चालणारे असून थोड्या विजेत भागावे असाच त्यांचा आराखडा होता.

संगणक स्वस्त मिळाला, की शिक्षक त्यास स्वस्तात स्वस्त प्रिंटर जोडू पाहतात आणि येथेच घोटाळा होतो. शाळाभेटींत कधी कधी असा प्रिंटर दिसतो, की जो जडसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंदलेला आहे, वर स्वच्छ कापड घातलेले आहे, परंतु त्यातून एक पानही निघत नाही. यंत्र बिघडलेले नसते. निवड चुकलेली असते. प्रिंटर घेण्यापूर्वी क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : याची भाषा आपल्या संगणकास येते काय? दुसरा : याची भूक आपल्या शाळेच्या विजेस पेलते काय? तिसरा : एका पानास खर्च किती? खोक्यावरील किंमत या तिन्ही प्रश्नांनंतर पाहावयाची आहे.

२. पहिला प्रश्न : भाषा

संगणकाने पाठविलेला मजकूर प्रिंटरला समजेल अशा रूपात आणणारा जो प्रोग्राम, त्यास ड्रायव्हर म्हणतात. तो संगणक आणि प्रिंटर यांमधील दुभाषी होय. विंडोज प्रणालीसाठी हा दुभाषी प्रिंटरबरोबर मिळतो. लिनक्ससाठी तो कधी मिळतो, कधी मिळत नाही. रास्पबेरी पायच्या बाबतीत तर आणखी एक अडचण संभवते. याचा प्रोसेसर ‘आर्म’ जातीचा असतो; कार्यालयातील नेहमीचे संगणक बहुधा इंटेलच्या जातीचे असतात. एखाद्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला असला, तरी तो केवळ इंटेल जातीसाठी तयार केलेला असेल, तर या लहान संगणकावर तो चालत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडील कार्यालयांत व झेरॉक्सच्या दुकानांत सर्वत्र आढळणारा लेझर प्रिंटर याचे ठळक उदाहरण आहे. यंत्र टिकाऊ, पण कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीसाठीच आहे. म्हणून जुना मिळतो आहे एवढ्यावरून तो या संगणकासाठी घेऊ नये.

याउलट काही ड्रायव्हर मूळ प्रोग्रामासह सर्वांस खुले आहेत आणि म्हणून कोणत्याही जातीच्या प्रोसेसरसाठी तयार करता येतात. एचपी कंपनीच्या पुष्कळ प्रिंटरांसाठी ‘एचपीलिप’, ब्रदर कंपनीच्या अनेक लेझर प्रिंटरांसाठी ‘बीआरलेझर’ आणि एप्सनच्या अनेक शाईच्या प्रिंटरांसाठी ‘ईएससी/पी-आर’ हे असे ड्रायव्हर आहेत. तथापि कंपनीचे नाव पुरेसे नाही. एकाच कंपनीचा एक नमुना चालतो, दुसरा चालत नाही. यास्तव नमुन्याचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, कागदावर टिपून घ्यावा आणि ‘ओपनप्रिंटिंग’ या संस्थेच्या यादीत तो पाहावा.

अलीकडे याहून सोपा मार्ग निघाला आहे. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ असे लिहिलेला किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ मानणारा प्रिंटर सर्वांस ठाऊक अशी एक सामान्य भाषा बोलतो. त्यास बहुधा निराळा ड्रायव्हर लागत नाही. तो शाळेतील वाय-फायला जोडला, की लिनक्स संगणक त्यास आपोआप ओळखू शकतो. यासाठी बाहेरचे इंटरनेट चालू असण्याची गरज नसते. शाळेच्या खोलीतील राउटर चालू असला म्हणजे झाले. रेंज नसलेल्या वाडीवर ही गोष्ट फार उपयोगाची आहे.

लिनक्समधील छपाईची सर्व व्यवस्था ‘कप्स’ नावाचा प्रोग्राम पाहतो. तो संगणकावर बसविल्यानंतर त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता व ६३१ हा पोर्ट क्रमांक दिला, की त्याचे पान उघडते. तेथे प्रिंटर जोडणे, चाचणीचे पान काढणे, अडकलेले काम रद्द करणे या क्रिया करता येतात. प्रिंटर जोडण्याचा अधिकार मिळण्यासाठी वापरकर्त्याचे नाव ‘एलपीॲडमिन’ या गटात असावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे प्रिंटरच नादुरुस्त आहे असा समज होण्याचा संभव असतो.

३. प्रिंटरच्या जाती आणि देवनागरी

बाजारात सामान्यतः चार जाती मिळतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुया मारून शाईच्या फितीवरून अक्षर उठवितो. तो टिकाऊ व फीत स्वस्त. परंतु आवाज मोठा आणि चित्रे ओबडधोबड. थर्मल प्रिंटर दुकानाच्या पावत्या छापतो. तो फार लहान आणि स्वस्त. पण त्याचा कागद अरुंद असतो व उष्णतेने आणि काळाने त्यावरील अक्षर पुसट होते. लेझर प्रिंटर टोनरची पूड उष्णतेने कागदावर पक्की बसवितो. अक्षर सुरेख आणि न पसरणारे येते. शाईचा प्रिंटर सूक्ष्म छिद्रांतून शाई फवारतो. त्याचे दोन पोटभेद आहेत : लहान काडतुसाचा आणि बाटलीने भरावयाच्या शाईटाकीचा.

मराठी शिक्षकाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. डॉट मॅट्रिक्स व थर्मल या प्रिंटरांच्या पोटात त्यांची स्वतःची अक्षरे साठविलेली असतात, आणि ती मुख्यतः रोमन असतात. संगणकाने नुसती अक्षरे पाठविली, तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. मराठी छापावयाची तर संगणकाने सबंध पानाचे चित्र बनवून पाठवावे लागते. तसे केल्यास देवनागरी व्यवस्थित उमटते, मात्र वेग पुष्कळ कमी होतो. लेझर व शाईच्या प्रिंटरांवर पान बहुतेक वेळा चित्र म्हणूनच जाते. त्यामुळे ही अडचण जाणवत नाही. संगणकावर युनिकोड देवनागरी टंक असला, की जोडाक्षरे व वेलांट्या बरोबर येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेला ‘मुक्त’ हा विनामूल्य टंक वाचनपाठांस चांगला शोभतो.

४. दुसरा प्रश्न : विजेची भूक

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. रास्पबेरी पाय ४ या संगणकास ५ व्होल्ट व ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट देऊ शकणारा अडॅप्टर लागतो. रास्पबेरी पाय ५ साठी ५ व्होल्ट व ५ अँपिअरचा अडॅप्टर योग्य. जुन्या मोबाइलचा चार्जर वापरण्याचा मोह टाळावा. दाब कमी पडला, की पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या लोळाचे लहान चिन्ह दिसते. ते दिसत असेल तर प्रिंटरचा दोष शोधण्याआधी अडॅप्टर आणि केबल बदलून पाहावी.

प्रिंटरने संगणकाच्या यूएसबीतून वीज घेऊ नये. पाय ४ च्या चारही यूएसबी तोंडांतून मिळून फार तर १.२ अँपिअर प्रवाह मिळतो. थर्मल प्रिंटर काळी ओळ छापताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत मागू शकतो. त्या क्षणी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मेमरी कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. म्हणून प्रिंटरला त्याचा निराळा अडॅप्टर द्यावा. यूएसबी केबलने केवळ मजकूर जावा.

आता मोठ्या प्रिंटरांकडे पाहू. शाईटाकीचा प्रिंटर छापताना साधारणतः १० ते २० वॅट घेतो. लेझर प्रिंटरचे तसे नाही. टोनर कागदावर वितळवून बसविण्यासाठी त्यातील रूळ सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. छपाईच्या वेळी त्यास तीनशे-चारशे वॅट लागतात, आणि तापण्याच्या क्षणी कित्येक नमुन्यांत ही मागणी हजार वॅटच्या आसपास जाते.

समजा, शाळेत १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी आणि लहान इन्व्हर्टर आहे. बॅटरीतील एकूण साठा १,२०० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्माच साठा वापरावा : ६००. इन्व्हर्टरमध्ये एक पंचमांश वाया जातो असे धरले, तर उरले ४८० वॅट-तास. संगणक ७, पडदा २० व शाईटाकीचा प्रिंटर १५, मिळून ४२ वॅट. ४८० भागिले ४२ म्हणजे अकरा तासांहून अधिक काळ काम चालेल. शाळेचे दोन दिवस वीज नसली, तरी प्रश्नपत्रिका अडणार नाही.

त्याच बॅटरीवर लेझर प्रिंटर लावला तर? पन्नास पाने काढावयास त्यास जेमतेम तीन मिनिटे लागतात. म्हणजे ४०० वॅट धरले, तरी एकूण वीज सुमारे २० वॅट-तासच होते. साठ्याच्या मानाने हे काहीच नव्हे. तरीही लहान इन्व्हर्टर बंद पडतो. याचे कारण शिक्षकांनी मुलांस रांजणाच्या दृष्टान्ताने सांगावे. रांजणात पाणी भरपूर आहे, पण त्याचा नळ अरुंद आहे. एका क्षणात घागरभर पाणी त्यातून येऊ शकत नाही. बॅटरी हा रांजण आणि इन्व्हर्टर हा नळ होय. संगणकाच्या सामान्य ६०० व्हीएच्या यूपीएसचा नळ तर सुमारे ३६० वॅटांचाच असतो. म्हणून लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो भिंतीतील भूतार असलेल्या तीन खिळ्यांच्या सॉकेटलाच जोडावा.

यावरून निर्णय स्पष्ट होतो. जेथे वीज स्थिर आहे, पाने पुष्कळ छापावयाची आहेत आणि कधी कधी महिनाभर प्रिंटर नुसता पडून राहतो, अशा बाजाराजवळील मोठ्या शाळेस लेझर योग्य. जेथे वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टर किंवा सौर पाटी हाच आधार आहे, अशा वाडीवरील शाळेस शाईटाकीचा प्रिंटर योग्य.

५. तिसरा प्रश्न : एका पानाचा खर्च

पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. बाजारभाव शिक्षकांनी स्वतः विचारावेत. समजा, ६०० रुपयांच्या टोनरमध्ये १,५०० पाने निघतात; एका पानास ४० पैसे. समजा, ४०० रुपयांच्या शाईच्या बाटलीत ४,००० पाने निघतात. एका पानास १० पैसे. तीस मुलांस दर आठवड्यास तीन पाने, असे चाळीस आठवडे धरले, तर वर्षाची पाने ३,६००. टोनरचा खर्च १,४४० रुपये, शाईचा ३६० रुपये. फरक १,०८० रुपये.

आता कागद पाहा. ५०० कागदांचे रीम ३०० रुपयांस मिळाले, तर एका कागदास ६० पैसे. म्हणजे कागद हा शाईपेक्षाही महाग आहे. तीच ३,६०० पाने पाठपोट छापली, तर १,८०० कागद वाचतात आणि त्यांचे मूल्यही १,०८० रुपयेच होते. लेझरऐवजी शाई घेऊन जेवढी बचत होते, तेवढीच बचत नुसता कागद उलटा करून घातल्याने होते. संयुक्त शाळा अनुदानात पटसंख्येप्रमाणे मोजकीच रक्कम येणाऱ्या शाळेस ही लहान गोष्ट नव्हे. या बचतीतून वाचनाची काही पुस्तके येऊ शकतात.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. बाटलीवर किंवा काडतुसावर दिलेली पानांची संख्या ही साधारणतः पानाचा पाच टक्के भाग शाईने भरतो असे धरून काढलेली असते. मोठी काळी चित्रे असलेल्या पानास यापेक्षा पुष्कळ अधिक शाई लागते. म्हणून मुलांनी रंगवावयाच्या चित्रांची केवळ बाह्यरेषा छापावी. शाई वाचते, आणि रंगविण्याचा आनंद मुलांकडे राहतो.

६. कोकणातील हवा आणि प्रिंटरची निगा

पावसाळ्यात पेणच्या कार्यशाळांतील शाडूच्या मूर्ती वाळण्यास अधिक दिवस लागतात, हे आपण पाहतो. तीच दमट हवा कागदातही शिरते. ओलसर कागद लेझरच्या तप्त रुळाखाली गेला, की त्यातील पाण्याची वाफ होऊन कागद वळतो व अडकतो. शाईच्या प्रिंटरवर त्याच कागदावर अक्षर पसरते. जून ते सप्टेंबर या काळात कागदाचे रीम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, लागतील तेवढेच कागद बाहेर काढावेत आणि उरलेले परत ठेवावेत. खारेपाटात खाऱ्या हवेने धातूचे भाग गंजतात. म्हणून प्रिंटर खिडकीपासून दूर ठेवावा व पूर्ण थंड झाल्यावरच त्यावर आच्छादन घालावे.

शाईचा प्रिंटर भिंतीवरील बटनाने कधीही बंद करू नये. प्रिंटरवरील बटन दाबले, की शाईचे मुख आपल्या जागी जाऊन झाकणीखाली बसते. वीज एकदम तोडली, तर ते उघडे राहते व शाई वाळून छिद्रे बुजतात. आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढावे. उन्हाळ्याच्या सुटीत गावातच राहणाऱ्या शिक्षकाने किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याने हे काम अंगावर घ्यावे. लहान संगणकही असाच आधी प्रणालीतून बंद करावा आणि मग त्याची वीज काढावी. वळवाच्या व परतीच्या पावसात विजा चमकू लागताच दोहोंचे प्लग सॉकेटमधून काढून ठेवावेत. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही.

७. खरेदीपूर्वी

खरेदीस जाताना पुढील बाबी पाहाव्यात.

(१) नमुन्याचा पूर्ण क्रमांक टिपून तो लिनक्सवर व ‘आर्म’ प्रोसेसरवर चालतो याची खात्री करावी.

(२) प्रिंटरच्या मागील पट्टीवर लिहिलेले वॅट वाचावेत व शाळेच्या इन्व्हर्टरच्या क्षमतेशी ताडून पाहावेत. पट्टीवर केवळ अँपिअर दिले असतील, तर त्यांस २३० ने गुणावे. म्हणजे यंत्राची अधिकात अधिक मागणी स्थूलमानाने कळेल.

(३) शाई किंवा टोनर पेण अथवा रोहा येथील बाजारात नेहमी मिळतो काय, हे दोन दुकानांत विचारावे.

(४) लहान संगणक पिशवीत मावतो. तो दुकानात बरोबर न्यावा, दुकानातील पडद्यास जोडावा आणि पैसे देण्यापूर्वी जोडाक्षरे असलेले एक मराठी पान छापून पाहावे. शंभर माहितीपत्रकांपेक्षा हे एक पान अधिक सांगते.

(५) शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पावती, हमीपत्र व जडसंग्रह नोंदवहीतील नोंद त्याच आठवड्यात पूर्ण करावी.

८. वर्गातील उपयोग व परिषदेसाठी काम

प्रिंटर हे केवळ कार्यालयीन साधन समजू नये. वरच्या वर्गातील मुलांस घरातील व शाळेतील यंत्रांवरील वॅट वाचण्यास सांगावे. कोणते यंत्र एका युनिटात, म्हणजे हजार वॅट-तासांत, किती तास चालेल याची उदाहरणे त्यांच्याकडून करवून घ्यावीत. पंधरा वॅटचा प्रिंटर एका युनिटात सासष्ट तासांहून अधिक चालतो, हे मुलाने स्वतः काढले, म्हणजे भागाकार आणि वीज या दोन्ही गोष्टी त्यास एकदम कळतात.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने एक पानाची नोंद आणावी. शाळेत वीज दिवसातून किती तास असते, इन्व्हर्टर किती क्षमतेचा आहे, वर्षाकाठी किती पाने लागतात आणि असलेला प्रिंटर लिनक्सवर चालतो काय, एवढी माहिती तीत असावी. ज्या शाळेत प्रिंटर कापडाखाली पडून आहे, तिने तीही नोंद संकोच न करता आणावी. कदाचित शेजारच्या शाळेतील विंडोज संगणकास तोच प्रिंटर उत्तम चालेल आणि तेथील शाईटाकीचा प्रिंटर या शाळेच्या लहान संगणकास लागू पडेल. अशी अदलाबदल वरिष्ठांच्या परवानगीने झाली, तर एक पैसाही न वेचता दोन्ही शाळांतील मुलांच्या हाती स्वाध्यायाचे कागद पडू लागतील, आणि शिक्षकांचा बाजारात जाणारा अर्धा दिवस वर्गात राहील.